येणाऱ्या पुस्तकाचं पुस्तक

रविवारी आबिड्सची दुकानं बंद असतात आणि त्यांच्या शटरांसमोर फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, हे हैदराबादकरांना सांगायला नको. गेल्या डिसेंबरात तिथे एमसेटच्या गाईडांखाली दबलेली, सुतळीनं एकत्र बांधलेली दोन पातळ पुस्तकं मला सापडली : 'विझर्ड्स प्रेझेंट्स : रेसेस अँड क्लासेस' आणि 'विझर्ड्स प्रेझेंट्स : वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स'. पुस्तकवाला म्हणाला, "पूरा कलर है, फोटो देखो." त्यानं तीनशे सांगितले, मी घासाघीस करून दोनशेला घेतली. शनिवारी आमच्या खेळाच्या टेबलावर मोठ्या ऐटीत ठेवली. मास्तरनं चार पानं चाळली आणि विचारलं, "म्हणजे तू जाहिरात विकत घेऊन आलीस? तीही सतरा वर्षांपूर्वीची?"

सगळे हसले, मीही हसले. त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. पण दोन्ही पुस्तकं वाचून झाल्यावर ते मला पूर्ण बरोबरही वाटेना, म्हणून हा लेख.

आधी खेळाबद्दल, कारण आम्ही शनिवारी दुपारी काय करतो हे आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना कळत नाही, आणि उरलेल्यांना फासे बघून भलताच संशय येतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा खेळ. एकजण मास्तर होतो. जग त्याचं : गावं, राक्षस, पाऊस, धर्मशाळेचा कंजूष मालक, सगळं तोच. बाकीचे एकेक पात्र घेतात. आमची चोर म्हणते, "मी दार ढकलते," वीस बाजूंचा फासा पडतो आणि दार उघडतं किंवा उघडत नाही. गोष्ट कुठे जाणार ते कोणालाच माहीत नसतं, मास्तरलाही नाही. भाषा म्हणाल तर मराठी, तेलुगू आणि दखनीची खिचडी. मी एल्फ आहे, धनुष्य चालवते. शिवाय एक जादूगार आणि एक पुजारी.

या सगळ्याला लागतात नियम, आणि नियम असतात जाड पुस्तकांत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत पहिल्यांदा छापला गेला, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती येते. ही 'आवृत्ती' कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीसारखी नसते, की मजकूर तोच आणि मुखपृष्ठ नवं. नवी आवृत्ती आली की जुन्या पुस्तकांतलं बरंचसं गणित जुळेनासं होतं. सगळ्या टेबलानं एकदम बदलायचं किंवा कोणीच नाही.

आम्ही खेळतो ती 'साडेतीनवी' आवृत्ती, २००३ सालची. तिची पुस्तकं मास्तरच्या काकांनी डॅलसहून सुट्टीवर येताना आणून दिली. त्यांची स्वतःची कॉलेजातली, कॉफीचे डाग असलेली. आमच्यासाठी ती फुकट, म्हणून ती आमची आवृत्ती. आता मात्र २०२४ ची नवीकोरी पुस्तकं येऊ लागली होती. सप्टेंबरात एक, नोव्हेंबरात दुसरं, तिसरं फेब्रुवारीत येणार होतं. प्रत्येकी पन्नास डॉलर. डॉलर पंच्याऐंशी रुपये धरला तर तिन्ही मिळून पावणेतेरा हजारांच्या घरात, पाच जणांत वाटले तरी डोईवर अडीच हजार. जादूगार म्हणाली घेऊ या. चोर म्हणाली घेऊ या. पुजारी बरकतपुऱ्यात सातवीच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेतो आणि त्यातून बसचा पास काढतो. तो काहीच बोलला नाही. खेळ संपल्यावर जिन्यात मला म्हणाला, "तुम्ही घ्या. मी जानेवारीपासून येत नाही, अभ्यास पण आहे."

तर त्या आठवड्यात मी ही पुस्तकं घेऊन आले होते. माझ्या दोनशे रुपयांची चेष्टा झाली, त्यात हाही राग होता. इथे एकाला वर्गणी परवडत नाही आणि तू मेलेल्या आवृत्तीची जाहिरात आणतेस.

आता ती पुस्तकं. २००७ च्या ऑगस्टमध्ये, इंडियानापोलिसला भरणाऱ्या जेन कॉन या खेळांच्या जत्रेत, विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं चौथी आवृत्ती जाहीर केली. प्रत्यक्ष पुस्तकं दुकानात यायची होती जून २००८ मध्ये. मधले दहा महिने लोक काय येणार म्हणून हैराण. त्या मधल्या काळात, डिसेंबरात एक आणि जानेवारीत एक, अशी ही दोन प्रिव्ह्यूची पुस्तकं काढली. प्रत्येकी शहाण्णव पानं, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. आत भरपूर चित्रं आणि खेळ रचणाऱ्यांचे छोटे छोटे लेख. खेळता येईल असा नियम मात्र नाही. या पुस्तकांवरून तुम्ही एक फासासुद्धा टाकू शकत नाही.

हिशोब करा. दोन्ही मिळून जवळजवळ चाळीस डॉलर. आणि जूनमध्ये जे खरं नियमपुस्तक आलं, 'प्लेअर्स हँडबुक', त्याची किंमत होती ३४ डॉलर ९५ सेंट. म्हणजे पुस्तकाबद्दलच्या पुस्तकांना पुस्तकापेक्षा जास्त पैसे. मास्तर 'जाहिरात' म्हणाला ते यामुळे, आणि इथवर मी त्याच्या बाजूनं आहे.

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत असते. माझ्या आजोबांच्या कपाटात तशा दोन ग्रंथसंचांच्या पावत्या अजून आहेत, पुस्तकांतच जपून ठेवलेल्या. तिथे वाचक आधी पैसे भरतो, महिनोन् महिने वाट बघतो, पण शेवटी त्याला ग्रंथच मिळतो, आणि स्वस्तात मिळतो. त्याच्या विश्वासाची किंमत म्हणून ती सूट. इथे उलटं. आधी आलेल्यानं जास्त भरायचं आणि हातात वर्णन घेऊन घरी जायचं. (केतकरांच्या ज्ञानकोशाचेही पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच होते, असं आजोबा मध्येच म्हणाले. हो, पण ते ज्ञानकोशाचाच भाग होते. ज्ञानकोश आल्यावर रद्द झाले नाहीत.)

ही पुस्तकं मात्र काही बाबतींत रद्द झालीच. जादूगारांच्या परंपरांना त्यांत 'गोल्डन वायव्हर्न', 'एमराल्ड फ्रॉस्ट' अशी भारदस्त नावं दिली आहेत. बऱ्याच खेळाडूंनी नाकं मुरडली : माझ्या जगातल्या जादूगाराच्या गुरुकुलाचं नाव तुम्ही कोण ठरवणार? जूनच्या पुस्तकात ती नावं नव्हती. चांगलंच झालं. पण डिसेंबरात ज्यानं वीस डॉलर मोजून ती नावं पाठ केली त्याचं काय?

शिवाय आधी दाखवण्याचे दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. याच कंपनीनं मे २००८ मध्ये 'कीप ऑन द शॅडोफेल' नावाचं साहस काढलं. त्यात थोडक्यात नियम, तयार पात्रं, नकाशे. किंमत होतीच, पण घरी नेऊन त्याच रात्री चौथी आवृत्ती खेळता यायची. पायझो या दुसऱ्या कंपनीनं तर मार्च २००८ मध्ये साडेतीनव्या आवृत्तीवरच आधारलेला आपला 'पाथफाइंडर' कच्च्या स्वरूपात फुकट लोकांसमोर टाकला. खेळा, मोडा, तक्रारी करा. ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक आलं तेव्हा त्या तक्रारी त्यात मुरलेल्या होत्या. आणि विझर्ड्सनं स्वतः पुढच्या वेळी, २०१२ पासून दोन वर्षं, पाचव्या आवृत्तीचे मसुदे फुकट वाटले. लाखाहून जास्त लोकांनी ते खेळून पाहिले. ज्यानं तुमचं मत मागितलं त्यानं पैसे मागितले नाहीत, आणि ज्यानं पैसे मागितले त्यानं मत मागितलं नाही. डिसेंबर २००७ मध्ये मी दुकानात उभी असते तर पुस्तक परत फळीवर ठेवलं असतं, हे मी आजही म्हणेन.

मग मी लेख का लिहितेय? कारण जाहिरात समजून मी ही पुस्तकं वाचायला घेतली आणि तिसऱ्या-चौथ्या लेखाला माझ्या लक्षात आलं की यात चौथ्या आवृत्तीपेक्षा आमच्या साडेतीनव्या आवृत्तीबद्दलच जास्त आहे.

नव्याची गरज पटवायची तर जुन्यात काय बिघडलं ते सांगावं लागतं. आणि सांगणारे कोण? तेच लोक, ज्यांनी वर्षानुवर्षं त्या जुन्या नियमांवर काम केलं. त्यांनी आपल्याच कामाचे दोष एकेक करून टेबलावर मांडलेत, लेखांखाली सही करून. नियमपुस्तकात असं कधीच नसतं. नियमपुस्तक सांगतं, एल्फला हे येतं, पुजाऱ्याला ते येतं. का, हे सांगत नाही. 'आम्ही आधी असं केलं होतं आणि ते फसलं' हे तर मुळीच नाही.

माझ्या एल्फचंच घ्या. साडेतीनव्या आवृत्तीत एल्फ एकाच वेळी दोन गोष्टी आहेत : झाडांवर राहणारा तिरंदाज आणि प्राचीन जादूचा वारसदार. माझी एल्फ धनुष्य चालवते, पण पुस्तक म्हणतं की तिच्या वंशाचा ओढा जादूकडे. पहिल्या वर्षी मी तिला थोडी जादू शिकवली आणि ती धड ना इकडची झाली ना तिकडची. मला वाटायचं, मला पात्र करता येत नाही. चौथ्या आवृत्तीत त्यांनी त्या एका वंशाचे दोन केले : रानातले ते एल्फ, जादूचे ते एलाड्रिन. त्यामागचं कारण वाचून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! गोंधळ माझा नव्हता, तो पुस्तकातच शिवलेला होता.

पण खरी गोष्ट पुजाऱ्याची. जुन्या नियमांत जखम भरायची तर पुजाऱ्याला आपली सगळी पाळी खर्च करावी लागते. लढाई रंगते, चोर उडी मारते, जादूगार आगीचा गोळा फेकते, मी बाण सोडते, आणि पुजारी काय करतो? आमच्यातल्या कोणाची तरी जखम भरतो. पुढच्या पाळीला परत तेच. त्यामुळे पुजारी व्हायला कोणी राजी नसतं, आणि त्याच्याशिवाय बाकीचे जगत नाहीत. मग टोळीतला जो सगळ्यात भिडस्त असतो त्याच्या गळ्यात ते काम पडतं. हे आमच्या टेबलाचं वर्णन आहे असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं. दीड वर्ष आम्ही त्याला म्हणत होतो, "अरे तू बोलत का नाहीस, खेळात भाग घे ना!" बोलणार काय? त्याच्या वाट्याला बोलण्यासारखं काही येतच नव्हतं. हा सगळ्या जगातल्या टेबलांचा दुखवटा होता आणि चौथी आवृत्ती रचणाऱ्यांना तो ठाऊक होता. म्हणून त्यांनी पुजाऱ्याला 'लीडर' या भूमिकेत बसवलं : तो गदा हाणता हाणता साथीदाराला सावरू शकतो, आपली पाळी न घालवता.

ते पान मी मास्तरला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे तर आपणच बदलू शकतो."

बदललं. नवीन पुस्तक न घेता. प्रिव्ह्यूमध्ये आकडे नसतातच, तेव्हा आकडे आम्ही आमचे बसवले : एका लढाईत दोनदा, स्वतःची पाळी खर्च न करता, पुजारी जखम भरू शकतो. पुढे चौथ्या आवृत्तीचं मूळ पुस्तक एका ठिकाणी चाळायला मिळालं तेव्हा कळलं की तिथेही सुरुवातीला दोनदाच आहे. मास्तर चार दिवस कॉलर ताठ करून फिरला.

सगळंच असं कामाचं आहे, असं मी म्हणत नाही. या पुस्तकांत कौतुकाचा सूर फार आहे. जे नवं ते सगळं झकास, असं पानोपानी ऐकून कंटाळा येतो. दुसऱ्या पुस्तकात जगाची कल्पना आहे, अंधारात मधूनमधून मिणमिणणारी छोटी गावं आणि मधली सगळी वाट धोक्याची. ती मास्तरनं लगेच उचलली. डीमन आणि डेव्हिल यांच्यात फरक काय असावा यावर बरीच पानं आहेत. ती मला आवडली, पण आपल्या ग्रंथालयातल्या सिस्टरना दाखवायचं धाडस झालं नाही. ड्रॅगनसारखी माणसं खेळाडूंना का द्यावीत हे समर्थन मला अजून पटलेलं नाही.

आणि हेही कबूल करायला हवं की २००८ च्या वाचकाला हा प्रांजळपणा लागला असणार. कालपर्यंत जी पुस्तकं तुम्ही मला विकलीत तीच आज तुम्ही मोडीत काढता, आणि ते ऐकायचेही वीस डॉलर घेता? साडेतीनव्यावर जीव असलेले कितीतरी लोक पाथफाइंडरकडे गेले. मला त्यांचा राग समजतो. आपल्या आवडत्या सरांनी निरोपसमारंभात 'तुम्हाला शिकवलेलं निम्मं चुकीचं होतं' असं सांगितलं तर कसं वाटेल? पण दहा-पंधरा वर्षांनी त्या भाषणाच्या टिपणांना किंमत येते. राग निवलेला असतो, चुका मात्र कळतात.

म्हणून माझं मत असं. नवं काय येणार ते कळावं म्हणून प्रिव्ह्यूचं पुस्तक घेणं म्हणजे पैसे वाया. ते काही महिन्यांत खऱ्या पुस्तकातून कळतंच, आणि बरोबर कळतं. जो नव्या आवृत्तीकडे जाणार आहे त्याला त्याचा उपयोग सगळ्यात कमी. जो जाणार नाही, ज्याला परवडत नाही किंवा जायचंच नाही, त्याला सगळ्यात जास्त. कंपनीनं ते विकलं मात्र नेमकं पहिल्याला. खरं तर ते फुकट द्यायला हवं होतं, किंवा निदान नियमपुस्तकाच्या शेवटी पंचवीस पानांत छापायला हवं होतं.

कोणी म्हणेल, हा वाद आता जुना झाला. २०२४ च्या आवृत्तीचे कच्चे नियम २०२२ पासून फुकटच मिळत होते, आणि त्यामागची कारणं रचणाऱ्यांनी व्हिडिओंत सांगितली. खरं आहे, आणि ते चांगलंच केलं. पण सतरा वर्षांनी तो व्हिडिओ कोण शोधणार, कुठे शोधणार? आबिड्सला व्हिडिओ सुतळीनं बांधून मिळत नाही. छापलेल्या शहाण्णव पानांचा एक हट्टीपणा असतो. अमेरिकेतल्या कुणाच्या कपाटातून, कुठल्या रद्दीतून, कसं ते हैदराबादच्या फुटपाथवर येऊन पडतं आणि ज्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं त्याच्या हाती लागतं. फुकटची फाईल आणि छापील पुस्तक यांत मला निवडायला सांगितलं तर मी दोन्ही मागेन, आणि पैसे मात्र दुसऱ्याचेच देईन, तेही जुन्या बाजाराच्या भावानं.

जादूगार अजूनही म्हणते की आपण नवी पुस्तकं घ्यायला हवी होती, जुन्याला ठिगळं किती लावणार? तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ठिगळं आता सात झाली आहेत आणि सातवं कोणाच्या लक्षात राहत नाही. वहीत लिहून ठेवतो, मग वही कोणाकडे आहे ते शोधतो.

पण पुजारी येतो. जानेवारीतही आला, फेब्रुवारीतही. मागच्या शनिवारी पुलाखालच्या ओगरला त्यानं गदेनं आडवं केलं, त्याच पाळीत चोराला मरता मरता वाचवलं, आणि मग दखनीत असा काही ओरडला की खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या. ती दोन्ही पुस्तकं सध्या त्याच्याकडेच आहेत. बसमध्ये वाचतो म्हणे. वर्गणीचे सातशे रुपये जमले होते ते तसेच पडून आहेत. त्यांतून नवा वीस बाजूंचा फासा घ्यावा असं चाललंय, कारण आमच्या जुन्याचे कोपरे झिजलेत आणि तो हल्ली फार वेळा अकरावर थांबतो.